राजय्यासाठी टच घ्यायचा की नाही

चार म्हातारे रोज एका ओट्यावर बसले की किस्से आपोआप साठतात. मागाखाली उडालेला कापूस साठतो तसे. कोणी आणून टाकत नाही. सकाळी झाडून काढावा, संध्याकाळी परत आहेच.

आमच्याकडे अलीकडे साठलेले सगळे किस्से एकाच गोष्टीचे आहेत. लॅपटॉप घ्यायचा, तर त्याला टचस्क्रीन हवी की नको? पडद्याला बोट लावून चालणारा घ्यायचा, की साधा? ऐकणाऱ्याला हे फार लहान वाटेल. आमच्यात मात्र त्यावरून बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. एकाचं तर आधीच बंद झालं होतं.

तो राजय्या.

राजय्याने चादरीच्या कारखान्यात जन्मभर माग चालवले. मी तिथेच जॉबर होतो. माग बिघडला की तो परत चालू करून द्यायचा, हे जॉबरचं काम. मी चौथीपर्यंत शिकलो. मागाला त्याची अडचण कधी झाली नाही. उरलेले दोघे म्हणजे रंगखात्यातला गफूर आणि ऑफिसातला कुलकर्णी. कारखाना बंद पडला, तिथे मंगल कार्यालय झालं. आम्ही आता साखर पेठेत राजय्याच्या घराच्या ओट्यावर बसतो.

राजय्याला घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला पुढून भोक आहे, श्वास तिथून चालतो. त्यावर पांढरं फडकं बांधलेलं असतं. जेवतो, पितो, चालतो. आवाज तेवढा कायमचा गेला.

त्याचा मुलगा श्रीनू बंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. त्याच्या डोक्यातून हा लॅपटॉप निघाला. पडद्यावर चित्रं असणार. तांब्याच्या चित्राला बोट लावलं की मशीन म्हणणार, पाणी द्या. ताटाच्या चित्राला लावलं की म्हणणार, जेवायला द्या. फोनवरही हे होतं, पण राजय्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तेवढ्याशा पडद्यावर त्याला काही दिसत नाही. म्हणून मोठा पडदा, म्हणून लॅपटॉप.

"फक्त टचचं तेवढं तुम्ही ठरवा, काका," श्रीनू मला म्हणाला. "बापूला माझ्यापेक्षा तुम्ही जास्त ओळखता."

ते खरं होतं. पण पोराने बापाबद्दल असं म्हणावं, हे मला बरं वाटलं नाही.

*

राजय्याला मी ओळखतो तो त्याच्या ओठांवरून.

मागाचं खातं सुरू असलं की कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही. म्हणून मागावरची माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही. नुसते ओठ हलवायचे, जोडीला एखादं बोट. धोट्यातली कांडी संपली, मालक आला, डबा खायला चल, बहिणीचं जमलं, सगळं असंच. राजय्याच्या घरात तेलुगू, माझ्या घरात कन्नड, गफूरच्या घरात दखनी. खात्यात मात्र सगळ्यांचे ओठ मराठी.

एकदा मालक येऊन राजय्याच्या मागाशी उभा राहिला. त्याच आठवड्यात त्याने राजय्याला बहिणीच्या लग्नासाठी सुट्टी नाकारली होती. राजय्याने मालकाच्या तोंडाकडे बघत त्याच्या सात पिढ्या काढल्या. अगदी सावकाश, एकेक पिढी घेऊन. समोरच्या ओळीतली माणसं माना खाली घालून हसत होती. मालक बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याजवळ येऊन कानात ओरडला, "त्याला सांग, तंबाखू कमी चघळ."

त्या कारखान्यात राजय्याला मिळालेला तेवढा एकच चांगला सल्ला. त्याने तो ऐकायला हवा होता.

*

ऑपरेशननंतर मी दवाखान्यात गेलो, तेव्हा राजय्या डोळे मिटून पडला होता. नर्सने त्याला पाटी आणि पेन्सिल दिली होती. काय हवं ते लिहून सांगा म्हणाली. राजय्याला तेलुगू अक्षरं येतात, तीही एकेक जुळवून. त्याने काहीतरी लिहिलं होतं. नर्स लातूरची. तिने ते वाकडं अक्षर बघितलं आणि नक्षी समजून "छान" म्हणून ठेवून दिलं.

मला बघितल्यावर राजय्याचे ओठ हलले. मी डोक्यावरचा पंखा बंद केला. त्याच्या अंगावर दुसरी चादर घातली. ऑपरेशन झाल्यापासून तो थंडीने कुडकुडत होता, आणि दवाखान्यातले समजत होते की ताप आहे.

नर्स बघत होती. तिने विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"जॉबर आहे," मी म्हणालो.

तिने मान हलवली. बहुतेक त्यांच्यातलंच काही खातं असेल असं तिला वाटलं.

*

म्हणून लॅपटॉपचं निघालं तेव्हा पहिला विरोध माझा होता. टच नको आणि साधाही नको. तो बोलतो, मला कळतं, मी सांगतो. मशीन कशाला?

राजय्या रस्त्याकडे बघत होता. गफूरने विडी विझवली. राजय्यासमोर तो आता पुरती विडी ओढत नाही, पेटवून विझवतो.

"ठीक है," गफूर म्हणाला. "तू बोलनेवाला मशीन. लेकिन तू पैले गया तो?"

त्या दिवसापासून मी फक्त टचला विरोध करायचा ठरवलं.

*

एके दिवशी सुट्टीवर आलेला श्रीनू आम्हाला दुकानात घेऊन गेला. नवी पेठेत, काचेचं दार, आत गारवा. विकणारा पोरगा सभ्य होता. त्याने टचवाला लॅपटॉप राजय्यासमोर उघडून ठेवला आणि म्हणाला, कुठंही बोट लावा काका.

राजय्याने बोट लावलं. काही झालं नाही. परत लावलं. जोरात दाबलं. पडदा मागे कलला, पण उघडलं काही नाही. पोरगा म्हणाला, हलकं लावा. हलकं लावलं तरी नाही. मग त्याने स्वतः लावून दाखवलं, लगेच चाललं. तो म्हणाला, काकांची कातडी फार कोरडी आहे, पडद्याला बोट कळत नाही.

खरं आहे. सुताने बोटांची लाकडं होतात.

मग राजय्याने जे केलं ते मागावरचा कोणीही करेल. तुटलेला धागा जोडताना बोट जिभेला लावतात, धाग्याला पीळ देतात. त्याने बोट जिभेला लावलं आणि पडद्यावर ठेवलं. मशीन चाललं. एकदम चार खिडक्या उघडल्या.

पोरगा फडकं घेऊन धावला. "काका, थुंकी नका लावू. ओल आत जाते. खराब होईल."

राजय्याने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओठ हलवले. मी त्या पोराला जसंच्या तसं सांगितलं. "तो म्हणतोय, तू घरी जी चादर पांघरतोस, तिच्यात माझी किती थुंकी आहे ते विचार आधी."

पोरगा हसला नाही. आम्हीही विनोद केला नव्हता.

गफूर तेवढ्यात आपला अंगठा लावून बघत होता. त्याचाही लागेना. रंगखात्यात त्याच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच गेल्या. राशनच्या दुकानातलं मशीन दर महिन्याला सांगतं की हा माणूस गफूर नाही. दुकानदार त्याला ओळखतो, लहानपणापासून ओळखतो, पण मशीन नाही म्हणालं की तोही हात वर करतो.

परत येताना मी गफूरला म्हणालो, तक्रार कर कुठंतरी.

"नक्को," तो म्हणाला. "मशीन बराबर बोल्ती. वो गफूर कब का गया."

*

कुलकर्णीचाही टचला विरोध होता. आम्हाला वाटायचं हा ऑफिसातला माणूस, कीबोर्ड आणि माऊसवर वाढलेला, म्हणून. तो सारखा म्हणायचा, "माऊस घ्या. माऊस लांबून चालतो. लांबूनच बरं असतं."

त्याच्याकडे मुलीने दिलेला टचवाला लॅपटॉप आहे. मुलगी परदेशात. बायको गेल्यापासून हा एकटाच. लॅपटॉपवर दर रविवारी नात दिसते. मग रविवारी टचचं काय बिघडलं, हे तो सांगत नसे. एकदा गफूरने फार छेडलं तेव्हा सांगितलं.

नातीला पहिला दात आला होता. आईने तिला पडद्याच्या अगदी जवळ धरलं. सगळ्या पडद्यावर नातीचं तोंड. ती हसली तेव्हा खालचा दात दिसला. कुलकर्णीला राहवलं नाही. त्याने हात पुढे केला आणि हनुवटीला बोट लावलं.

फोन बंद करायचं लाल बटण नेमकं तिथे होतं.

पडदा काळा झाला. परत लावला तर लागेना, तिकडे नेट गेलं होतं. त्या रविवारी नात परत दिसली नाही. पुढच्या रविवारपासून कुलकर्णी लॅपटॉपसमोर बसताना दोन्ही हात मांडीखाली ठेवतो.

राजय्याने उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. कुलकर्णी दचकला.

*

मग श्रीनूने एक मार्ग काढला. इथल्या एका मित्राचा टचवाला लॅपटॉप त्याने रविवारपुरता मागून आणला. त्यात चित्रं घातली. तांब्या, ताट, पलंग, संडास, कपाळाला हात लावलेला माणूस, आणि खाली कोपऱ्यात हसणारा माणूस. राजय्याचं बोट ओल्या फडक्याला पुसून घ्यायचं, हेही ठरलं.

ओट्यावर स्टूल, स्टुलावर लॅपटॉप. राजय्याने तांब्याला बोट लावलं.

आतून बाई बोलली, "कृपया मला पाणी देता का?"

गफूरने घरात डोकावून बघितलं. "कौन आई?"

राजय्याने कपाळाला हात लावलेला माणूस दाबला. बाई म्हणाली, "मला वेदना होत आहेत."

साखर पेठेत आजवर कोणाला वेदना झालेल्या नाहीत. इथे दुखतं. मी श्रीनूला तसं सांगितलं. तो म्हणाला, शब्द बदलता येतील, आवाजही पुरुषाचा घालता येईल. मी विचारलं, राजय्याचा घालता येईल का? राजय्याचा आवाज कोणी कधी भरून ठेवला नव्हता.

पण मी बघत होतो ते दुसरंच. मी जॉबर आहे. मशीन समोर ठेवलं की माणूस त्याच्याशी कसा उभा राहतो, ते मी आधी बघतो. लॅपटॉपचा पडदा उभा असतो. त्याला बोट लावायचं तर हात वर उचलून हवेत धरावा लागतो. आणि दर बोटाला पडदा मागे डुलतो, म्हणून परत नेम धरावा लागतो. राजय्याच्या ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठीही काढल्या होत्या. तेव्हापासून त्याचा उजवा खांदा उतरला आहे. हात छातीच्या वर जात नाही. डाव्याने केलं तर बोट भलतीकडेच जातं.

थोड्या वेळाने तो वरच्या चित्रांपर्यंत जाईनासा झाला. खाली कोपऱ्यातलं चित्र तेवढं हाताला येत होतं. त्याला खोकला आला. खोकला गळ्याच्या भोकातून येतो, फडकं ओलं झालं, डोळ्यांत पाणी आलं. श्रीनू घाबरून विचारत होता, काय हवं बापू, काय होतंय, दाबून सांगा. राजय्याने हात पुढे केला. जे हाताला लागलं ते दाबलं.

"मी अगदी बरा आहे," बाई म्हणाली. "धन्यवाद."

श्रीनूने लॅपटॉप मिटला.

मी म्हणालो, बघितलंस ना. टच नको. साधा घे, माऊस लाव, माऊस मांडीवर चालतो. श्रीनू म्हणाला, काका, बापूने माऊस धरला तर बाण कुठे जातो ते तुम्ही बघितलंय. तेही खरं होतं. माऊस राजय्या मागावरच्या धोट्यासारखा चालवतो, इकडून सोडला की थेट तिकडे.

त्या संध्याकाळी कोणीच काही ठरवलं नाही.

*

शेवटचा किस्सा शुक्रवारचा. गफूर नमाजाला गेला होता, कुलकर्णी पेन्शनच्या कामाला. ओट्यावर मी, राजय्या आणि श्रीनू. श्रीनूची सुट्टी संपत आली होती, त्या दिवशी ऑर्डर दिली तरच मशीन तो असताना येणार होतं. तो फोनमध्ये दोन लॅपटॉप उघडून बसला होता, एक टचवाला, एक बिनटचचा. दारात त्याची आई नरसूबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. ती कायम तिथेच असते. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून मी तिला तिथेच बघतो. फार बोलत नाही, नुसती बघत असते.

"काका, आज ठरवून टाका," श्रीनू फोनमधून मान वर न करता म्हणाला.

मी राजय्याकडे बघितलं. तो आधीच माझ्याकडे बघत होता. त्याने ओठ हलवले. घाई नाही, खात्यात चार माग पलीकडून बोलायचा तसं, एकेक शब्द सुटा.

"जॉबर, गाठ परत आली. कानाच्या खाली. हाताला लागते."

मी त्याच्या कानाखाली बघितलं.

"मशीन नको. मी असा किती दिवस बोलणार आहे. पोराला खड्ड्यात घालू नको." थोडं थांबला. "घरात सांगू नको."

श्रीनूने मान वर केली. "काय म्हणाले बापू?"

राजय्याचं बोलणं मी आजवर जसंच्या तसं सांगत आलो. मालकाला सांगितलं नाही तेवढंच. दवाखान्यात, दुकानात, बँकेत, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

"चहा मागतोय," मी म्हणालो.

श्रीनू हसला. "बघा काका. एवढ्या चहासाठीसुद्धा तुम्ही लागता. तुम्ही घरी गेल्यावर यांनी चहा कोणाला मागायचा?"

नरसूबाईने सूप बाजूला ठेवलं आणि आत गेली. स्टोव्हचा आवाज आला. मी ओठांनीच राजय्याला विचारलं, डॉक्टरला दाखवलंस का? त्याने मान हलवली, नाही. मी म्हणालो, उद्या जाऊ, मी येतो. त्याने रस्त्याकडे तोंड फिरवलं. ज्याचं बोलणं ओठांवर आहे त्याने तोंड फिरवलं की त्याचंही संपलं, आपलंही संपलं.

श्रीनू आत बघून म्हणाला, "आई, काका काही सांगत नाहीत. तूच सांग. टच घेऊ की साधा?"

"टच घे," आतून नरसूबाई म्हणाली.

"अगं पण बापूचा हात वर जात न्हाय. त्या दिवशी बघितलंस की."

"हात मी धरते की."

श्रीनूने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्याने फोनवर बोट लावलं. ऑर्डर गेली.

नरसूबाई बाहेर आली. हातात एकच कप. राजय्यासमोरून ती तशीच पुढे आली, पदर सावरून वाकली, आणि कप माझ्यापुढे ठेवला.

"घ्या अण्णा," ती म्हणाली. "ह्यांनी चहा मागितला न्हवता."